गाठीतल्या पेशी आपोआप मरतायत, मग वाईट काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे. मेंदूच्या उजव्या टेम्पोरल, म्हणजे कानशिलाजवळच्या भागातल्या गाठीचं ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी झालं, रेडिएशन अजून सुरू व्हायचंय. रिपोर्टमध्ये निदान ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच-वाइल्डटाइप, ग्रेड ४ (मेंदूतला वेगाने वाढणारा कॅन्सर, आयडीएच जनुकात बदल नसलेला) असं आहे आणि वर्णनात 'विस्तृत नेक्रोसिस', म्हणजे गाठीचा बराच भाग मेलेला, असे शब्द आहेत. ते वाचून काका म्हणाले, "पेशी आपल्या आपण मरतायत, म्हणजे चांगलंच की." विचारणारी मुलगी बायोटेक्नॉलॉजी शिकते. पेशी मरताना कॅस्पेस-३ नावाचं एन्झाइम जागं होतं, हे तिला माहीत आहे. तिचं म्हणणं, बाबांच्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यावर, ही तपासणी करून घेतली तर रेडिएशन लागू पडेल की नाही ते आधीच कळेल का? आणि ऑपरेशननंतरच्या रक्ततपासणीत एलडीएच हे एन्झाइम वाढलेलं आलंय, ते गाठ मरतेय म्हणून का?

मी न्यूरोपॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंट मला सहसा भेटत नाही. भेटतो तो मेणात बसवलेला त्याच्या गाठीचा तुकडा. गेली २४ वर्षं असे तुकडे बघतोय, त्या जोरावर आधी सरळ उत्तर देतो. नेक्रोसिस ही चांगली खूण नाही. कॅस्पेस-३ वर पैसे घालवू नका. आणि एलडीएच बहुतेक गाठीतून आलेलं नाही.

काकांचा तर्क मात्र मला हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. कॅन्सर म्हणजे पेशी मरायचं विसरतात, असं आपणच लोकांना सांगत आलोय. मग मरणाऱ्या पेशी दिसल्या की बरं वाटणारच. गोची इथे आहे की पेशी मरण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात आणि प्रत्येक तऱ्हेमागची एन्झाइमंही निराळी.

१९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी पेशींच्या एका शांत मरणाचं वर्णन केलं. पेशी आक्रसते, केंद्रकाचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा आवरणात गुंडाळला जातो आणि शेजारच्या पेशी तो गिळून टाकतात. आग नाही, सूज नाही. ॲबर्डीन विद्यापीठातल्या ग्रीकच्या एका प्राध्यापकांनी त्याला नाव सुचवलं अपोप्टोसिस, म्हणजे पानगळ. झाड जिवंत असतं, पानं वेळ झाली की गळतात. नेक्रोसिस म्हणजे वीज पडून फांदी जळावी तसं. पेशी फुगते, पडदा फाटतो, आतला सगळा ऐवज बाहेर सांडतो आणि आजूबाजूला जळजळ सुरू होते.

ग्लायोब्लास्टोमातला नेक्रोसिस हा दुसऱ्या जातीचा आणि त्याचं कारण गाठीच्या हावरेपणात आहे. गाठ इतक्या वेगाने वाढते की रक्तवाहिन्या पुऱ्या पडत नाहीत. ज्या असतात त्या वेड्यावाकड्या, गळक्या, आणि त्यांच्यात गुठळ्या होतात. वाहिनी बंद पडली की तिच्या भोवतालच्या पेशींचा ऑक्सिजन तुटतो. स्लाइडवर हे चित्र एकदा पाहिलं की विसरता येत नाही: मध्ये फिकट गुलाबी, काहीच नसलेला पट्टा आणि त्याच्या कडेने निळ्याजांभळ्या केंद्रकांची दाटीवाटीची रांग, शेताला खुंटांचं कुंपण घालावं तशी. आम्ही तिला स्यूडोपॅलिसेडिंग म्हणतो. पूर्वी वाटायचं की या पेशी मेलेल्या भागाभोवती जोमाने वाढतायत. डॅनियल ब्रॅट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या रांगा नीट तपासल्या तेव्हा चित्र उलटं निघालं. तिथे विभाजन आसपासच्या गाठीपेक्षा कमी होतं आणि अपोप्टोसिस कित्येक पटींनी जास्त. शिवाय पेशींमधली जाळी विरघळवणारी जिलेटिनेज गटातली एन्झाइमं तिथे वाढलेली होती. म्हणजे ती रांग पळ काढणाऱ्यांची आहे. ऑक्सिजन संपला म्हणून पेशी बाहेर निघाल्यात, वाट करायला एन्झाइमं वापरतायत, आणि वाटेत काही मरतायत. ज्या सुटतात त्या निरोगी मेंदूत शिरतात. या पेशी नव्या वाहिन्यांसाठी रासायनिक हाकाही मारत असतात.

म्हणून ॲस्ट्रोसायटोमाच्या घराण्यातल्या गाठीत नेक्रोसिस दिसला की आम्ही ग्रेड थेट ४ वर नेतो. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात रेणवीय खुणाही आल्या. आयडीएच-वाइल्डटाइप गाठीत टर्ट जनुकाच्या प्रमोटरचा (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागाचा) बदल, ईजीएफआर जनुकाची वाढलेली संख्या, किंवा ७ नंबरच्या गुणसूत्राची वाढ आणि १० नंबरची घट, यांतलं एक जरी सापडलं तरी नेक्रोसिस नसतानाही ग्लायोब्लास्टोमा म्हणता येतं. पण नेक्रोसिसचा जुना निकष यादीतून गेलेला नाही. मेनिन्जिओमात, म्हणजे मेंदूच्या आवरणातल्या गाठीत, मात्र त्याला इतका मान नाही. तिथे तो पाच गौण निकषांपैकी एक आणि ग्रेड २ म्हणायला त्या पाचांतले तीन लागतात. त्यातही, ऑपरेशनआधी रक्तवाहिनी मुद्दाम बंद केली असेल तर त्याने झालेला नेक्रोसिस मोजायचा नाही. सर्जन ही गोष्ट फॉर्मवर लिहायला विसरतात आणि आम्ही फोन करत बसतो.

आता कॅस्पेस. ही कथा एका मिलिमीटरभर लांबीच्या किड्यापासून सुरू होते. सी. एलेगन्स या कृमीच्या वाढीत १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या ठरलेल्या १३१ मरतात, दर वेळी त्याच. ज्या जनुकाशिवाय हे मरण होतच नाही ते सेड-३. या कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं. माणसातली कॅस्पेसेस ही सेड-३ ची भावंडं. ही सगळी कात्रीसारखी एन्झाइमं. प्रथिनात ॲस्पार्टिक ॲसिड जिथे असेल त्याच्या लगेच पुढे कापतात. कॅस्पेस-३ प्रत्येक जिवंत पेशीत म्यानात घातलेल्या सुरीसारखं पडून असतं. मरणाचा हुकूम आला, मग तो पेशीबाहेरून कॅस्पेस-८ मार्फत असो की मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी सुटून कॅस्पेस-९ मार्फत, की कॅस्पेस-३ स्वतः कापलं जातं आणि कामाला लागतं. त्याची पहिली गिऱ्हाइकं म्हणजे डीएनएची डागडुजी करणारं पार्प-१ आणि डीएनए कापणाऱ्या एन्झाइमला धरून ठेवणारं प्रथिन. पार्प ११६ किलोडाल्टनचं असतं, कापल्यावर ८९ चा मोठा तुकडा उरतो; प्रथिनं आकारानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर तो पट्टा दिसला की संशोधक खूश.

म्यानातली आणि उपसलेली सुरी यांतला फरक प्रयोगशाळेत फार महत्त्वाचा आहे. साध्या कॅस्पेस-३ च्या अँटिबॉडीने जिवंत पेशीही रंगतात, त्यातून मरणाबद्दल काही कळत नाही. मागायची ती 'क्लीव्ह्ड', म्हणजे १७५ व्या ॲस्पार्टिक ॲसिडपाशी कापलं गेलेलं कॅस्पेस-३ तेवढंच ओळखणारी अँटिबॉडी. आणि सोबत टॉन्सिलचा कंट्रोल हवाच. टॉन्सिलच्या जर्मिनल सेंटरमध्ये लिम्फोसाइट्स सतत मरत असतात. तिथे तपकिरी ठिपके उमटले नाहीत तर गाठीच्या स्लाइडकडे बघूही नका.

समजा सगळं नीट केलं. बाबांच्या ब्लॉकवर क्लीव्ह्ड कॅस्पेस-३ चा स्टेन झाला आणि शंभरातल्या दोन पेशी रंगल्या. पुढे काय?

पहिली गोष्ट इतकी साधी आहे की माझ्या विद्यार्थ्यांच्याही नजरेतून ती सुटते. हा तुकडा रेडिएशनच्या आधीचा आहे. त्यात मरणाऱ्या पेशी मरत होत्या त्या ऑक्सिजनअभावी किंवा आपल्याच जनुकीय गोंधळापायी. उद्याच्या उपचाराला गाठ कसा प्रतिसाद देईल, याची साक्ष त्या देऊ शकत नाहीत. दुसरी गोष्ट वेळेची. अपोप्टोसिसमधली पेशी काही तासांत गिळली जाऊन नाहीशी होते. दादरच्या पुलाचा एक फोटो काढून दिवसभरात किती लोक गेले हे सांगण्यासारखा हा प्रकार आहे. शंभरात दोन म्हणजे खूप की थोडं, हे पुलावर माणूस किती वेळ थांबतो ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. तिसरी, ग्लायोब्लास्टोमा जागोजागी वेगळा असतो. कुंपणाच्या कडेला मोजलं तर एक आकडा येतो, चार मिलिमीटर सरकलं की दुसरा.

आणि माझ्या मते सर्वांत वजनदार गोष्ट चौथी. रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध यांनी ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी मरतात तेव्हा पुष्कळदा त्या अपोप्टोसिसने मरतच नाहीत. या पेशींनी कॅस्पेसचा रस्ता आधीच अडवलेला असतो. काही पेशी विभाजनाच्या मधोमध कोलमडतात, काही म्हातारपणाच्या अवस्थेत अडकून पडतात, विभाजन थांबतं पण जीव जात नाही. म्हणजे कॅस्पेस-३ दिसलं नाही म्हणून उपचार वाया गेला असं नाही, आणि दिसलं म्हणून जिंकलो असंही नाही. २०११ मध्ये आलेल्या एका कामाने तर आमच्यासारख्यांना चांगलंच अस्वस्थ केलं. रेडिएशनने मरणाऱ्या कॅन्सरपेशींतलं जागं झालेलं कॅस्पेस-३ शेवटी प्रोस्टाग्लँडिन-ई२ तयार करायला लावतं आणि त्या इशाऱ्यावर वाचलेल्या शेजारणी उलट जोरात वाढतात, असं त्यात उंदरांमध्ये दाखवलं होतं. ते काम ग्लायोब्लास्टोमावरचं नव्हतं, म्हणून त्याचा धागा इथे फार ताणू नये. पण मरणारी पेशी आजूबाजूला काही सांगून जाते, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

टनेल नावाची आणखी एक पद्धत तुम्ही वाचली असेल. १९९२ पासून ती वापरात आहे. टर्मिनल ट्रान्सफरेज हे एन्झाइम डीएनएच्या तुटक्या टोकांना खूणचिठ्ठी चिकटवतं, म्हणजे इथे एन्झाइम हे आपलं हत्यार आहे, पेशीची खूण नव्हे. तिने मला एकदा तोंडघशी पाडलंय. एमडीच्या थिसिससाठी मी ग्लायोमांमध्ये, म्हणजे ग्लायोब्लास्टोमाच्या घराण्यातल्या गाठींमध्ये, टनेल मोजत होतो. तीन केसेसमध्ये अर्ध्याअधिक पेशी चमकल्या. मी धावत गाइडकडे गेलो. त्यांनी आयपीसमधून पाहिलंही नाही, एवढंच विचारलं, "ही गाठ फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता पडली?" रजिस्टर काढलं. तिन्ही ऑपरेशनं शनिवारी संध्याकाळची, तुकडे सोमवार सकाळपर्यंत सलाइनच्या वाटीत. डीएनए वाटीतच तुटला होता. आठ महिन्यांच्या मोजणीतून त्या केसेस वगळाव्या लागल्या. तेव्हापासून पेशीमृत्यूचा कुठलाही आकडा समोर आला की मी आधी तुकडा बाहेर किती वेळ पडून होता ते विचारतो. टनेलला नेक्रोसिस, अपोप्टोसिस आणि वाटीतलं कुजणं यांतला फरक नीट कळत नाही.

रक्तातून 'अपोप्टोसिस मार्कर' तपासून देतो असं कुणी म्हणालं तर तो कुठला, एवढं विचारा. बऱ्याचदा तो कॅस्पेसने कापलेला सायटोकेरॅटिन-१८ चा तुकडा असतो. सायटोकेरॅटिन हे त्वचा, आतडं, स्तन, फुप्फुसाचं अस्तर अशा पेशींचं प्रथिन. ग्लायोमाच्या पेशींचा सांगाडा जीएफएपी या दुसऱ्याच प्रथिनाचा. गहू पेरलाच नाही तिथे गव्हाचा कोंडा शोधण्यात काय अर्थ?

एलडीएच हा वेगळा आणि बराच गैरसमज झालेला विषय आहे. लॅक्टेट डिहायड्रोजनेज जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. पेशी फुटली की बाहेर सांडतं, म्हणून ते नेक्रोसिसचं मोजमाप. पेशीसंवर्धनाच्या प्लेटमध्ये ते उत्तम चालतं, कारण तिथे एकाच जातीच्या पेशी असतात. रक्तात मात्र यकृत, स्नायू, हृदय, तांबड्या पेशी अशा सगळ्यांचं एलडीएच एकत्र येतं. तुमच्या बाबांची कवटी टेम्पोरल भागात उघडली, म्हणजे तिथला चावण्याचा मोठा स्नायू कापून बाजूला करावा लागला. स्नायूतलं एलडीएच त्यातूनच सुटतं. आधी फिट आली असेल तर तेही कारण. आणि सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे सॅम्पल हिमोलाइज झालेलं असणं. शीर सापडत नव्हती, सुई हलवली, सिरिंजमधून जोराने ट्यूबमध्ये सोडलं की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं एलडीएच आकडा चढवून ठेवतं. रिपोर्टखाली बारीक अक्षरात 'हिमोलाइज्ड' असा शेरा आहे का बघा. असल्यास डॉक्टरांशी बोलून पुन्हा रक्त द्या, हातावर ताण न देता.

आणखी एक खोच. ग्लायोब्लास्टोमाच्या तुकड्यात एलडीएचचा ए प्रकार वाढलेला दिसतो, पण तो पुष्कळदा जिवंत पेशींत. ऑक्सिजन तुटला की पेशी साखरेवर कसंबसं भागवतात आणि त्यासाठी हे एन्झाइम जास्त बनवतात. म्हणजे तुकड्यातलं एलडीएच तगून राहण्याची खूण, आणि रक्तातलं एलडीएच फुटण्याची. नाव एकच, अर्थ उलटे. परीक्षेत हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो.

न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज या एन्झाइमचंही तसंच. नावात 'स्पेसिफिक' आहे, पण तांबड्या पेशी आणि प्लेटलेट्समध्येही ते असतं, त्यामुळे हिमोलिसिसने तेही चढतं. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या, शुद्धीवर न आलेल्या पेशंटमध्ये त्याचा खरा उपयोग होतो. ४८ किंवा ७२ तासांनी ६० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर तो इतर तपासण्यांसोबत वाईट संकेत धरतात. ग्लायोब्लास्टोमाच्या उपचारात त्याच्या आकड्यावर निर्णय घेतलेला मी पाहिलेला नाही. एलडीएचला मेंदूच्या गाठींत मानाचं पान एकाच ठिकाणी आहे, प्राथमिक लिम्फोमात. तिथे वय, पेशंटची हिंडण्याफिरण्याची क्षमता, पाठीच्या पाण्यातलं प्रोटीन, गाठ मेंदूच्या खोल भागात आहे का, आणि रक्तातलं एलडीएच अशा पाच गोष्टी मिळून पुढचा अंदाज बांधतात. बाबांचं निदान ते नाही.

बायोटेक शिकताय म्हणून एक नवं सांगतो. २०१२ मध्ये फेरोप्टोसिस हे नाव आलं. लोहाच्या मदतीने पेशीच्या पडद्यातली चरबी खवट होते आणि पेशी मरते. जीपीएक्स-४ हे सेलेनियमवालं एन्झाइम हे खवटणं रोखून धरतं. २०२० मध्ये असं दिसलं की न्यूट्रोफिल्स या पांढऱ्या पेशी ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींना मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइमने भरलेले कण देतात आणि त्या फेरोप्टोसिसने मरतात. नेक्रोसिसचा पट्टा वाढायला हा हातभार, आणि त्या प्रयोगातल्या उंदरांत या मरणाने रोगच बळावला. काकांना सांगायला हे उदाहरण चांगलं आहे. इथे कॅस्पेसचा संबंध नाही, म्हणजे कॅस्पेसचा स्टेन हे मरण बघूच शकत नाही.

मग ज्या एन्झाइमबद्दल खरंच विचारायला हवं ते कुठलं? एमजीएमटी. ते मरणाचं एन्झाइम नाही, मरण टाळणारं आहे. टेमोझोलोमाइड डीएनएतल्या ग्वानिनला एक मिथाइल चिकटवतं. एमजीएमटी ते काढून स्वतःवर घेतं आणि त्यातच संपतं. काडेपेटीतली काडी, एकदाच पेटते. ज्या गाठीत एमजीएमटी बनवणाऱ्या जनुकाच्या प्रमोटरचं मिथायलेशन झालेलं असतं (त्यावर मिथाइल चिकटून जनुक गप्प होतं) तिथे काड्या तयारच होत नाहीत, औषधाचा घाव राहतो. २००५ च्या ज्या चाचणीने आजची उपचारपद्धत घालून दिली, म्हणजे ३० बैठकांत ६० ग्रे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड, तिच्यात मध्यम आयुर्मान (निम्मे पेशंट निदान इतके महिने जगले, असा आकडा) १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेलं. मिथायलेशन असलेल्या गटात हेच उपचार घेणाऱ्यांचं ते २१.७ महिने होतं. हे आकडे गटाचे आहेत. बाबांचा आकडा त्यातून काढू नका. पण ही तपासणी त्याच ब्लॉकवर होते, तिचा अर्थ ठरलेला आहे आणि ऑन्कोलॉजिस्ट ती वापरतात. ती डीएनएवर करून घ्या. एमजीएमटी प्रथिनाचा साधा स्टेन भरवशाचा नसतो.

उपचार लागू पडतोय का, हे ठरतं एमआरआयवर आणि बाबांच्या तब्येतीवर. तिथेही पेशींचं मरण फसवतं. रेडिएशन संपल्यानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत गाठ वाढल्यासारखी दिसू शकते. मेलेल्या पेशी, सूज, गळक्या वाहिन्या यांमुळे ती चमकते. त्याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात आणि मिथायलेशन असलेल्यांत ते जास्त दिसतं. पर्फ्युजन (रक्तप्रवाह मोजणारा) आणि स्पेक्ट्रोस्कोपी (रसायनं मोजणारा) हे एमआरआयचे प्रकार मदत करतात, पण स्पेक्ट्रोस्कोपीत दिसणारा लिपिड-लॅक्टेटचा उंचवटा गाठीच्या नेक्रोसिसचाही असतो आणि रेडिएशनच्याही. पुष्कळदा थोडं थांबून पुन्हा एमआरआय करणं हाच मार्ग उरतो. तो पहिला रिपोर्ट हातात आला की घाबरून उपचार बदलायची घाई करू नका, आधी ऑन्कोलॉजिस्टना हा शब्द घेऊन विचारा.

राहता राहिला ब्लॉक. एमजीएमटी अजून झालं नसेल तर ब्लॉक त्यासाठी राखून ठेवा. प्रत्येक नव्या स्टेनसाठी त्यातून काप काढतात आणि तुकडा लहान असेल तर तो संपतो. कॅस्पेसच्या हौसेपायी तो संपवू नका. दुसऱ्या सेंटरला न्यायचा असेल तर पॅथॉलॉजी विभागातून सही करून घ्या, त्याच्यावरचा नंबर वहीत उतरवून ठेवा, कडक डबीत ठेवा. फ्रिज लागत नाही. फक्त उन्हात उभ्या गाडीत विसरू नका, मेण मऊ पडतं.